डिव्हाइसट्री बाइंडिंगच्या पॅचचा रिव्ह्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हरचा कोड बारकाईने वाचणारे पुष्कळ भेटतात. त्याच मालिकेतला पहिला पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल), म्हणजे बाइंडिंगचा, डिव्हाइसट्रीत चिपचं वर्णन कसं लिहायचं या नियमाचा, मात्र बरेच जण नुसता चाळून पुढे जातात. पन्नास-साठ ओळींची यामल फाइल, त्यात बघण्यासारखं काय असणार, असं वाटतं. पण ड्रायव्हरमधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, बाइंडिंगमधली चूक बहुतेक वेळा कायमची गळ्यात पडते. मी स्वतः हे रिव्ह्यू करत करतच शिकलो. नव्याने या कामात येणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

डिव्हाइसट्री, बाइंडिंग आणि स्कीमा यांत फरक काय?

डिव्हाइसट्री हा एका बोर्डाचा नकाशा असतो. कोणती चिप कोणत्या बसवर (चिपांना जोडणाऱ्या तारांवर) आहे, तिची रजिस्टरं (ती चालवायच्या आतल्या जागा) कोणत्या पत्त्यावर आहेत, इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याची, तार कुठे जाते, वीज कोणत्या रेग्युलेटरकडून येते, हे सगळं त्यात नोड आणि प्रॉपर्टी यांच्या रूपात लिहिलेलं असतं. यूएसबी किंवा पीसीआय उपकरणाला 'तू कोण?' असं कर्नल विचारू शकतो. आयटूसी बसवरच्या सेन्सरला असं विचारायची सोय नसते, म्हणून ते आधीच कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. माणूस डीटीएस फाइल लिहितो, डीटीसी हा कंपायलर तिची बायनरी डीटीबी बनवतो आणि कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर ती त्याच्या हाती देतो.

या नकाशात अमुक एका चिपबद्दल काय लिहायचं, कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमाने, याचा नियम म्हणजे बाइंडिंग. तोच नियम यंत्राला तपासता येईल अशा भाषेत मांडला की झाली स्कीमा. आज दोन्ही एकाच यामल फाइलमध्ये राहतात, त्यामुळे बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

ही पद्धत आली कुठून?

मूळ ओपन फर्मवेअरचं, म्हणजे १९९४ च्या आयईईई १२७५ या मानकाचं. स्पार्क आणि पॉवरपीसी यंत्रांवर ते वापरात होतं. पुढे पॉवरपीसी लिनक्ससाठी त्याचं सुटसुटीत बायनरी रूप तयार झालं. एआरएम प्रोसेसरच्या जगात तोवर प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत वेगळी बोर्ड फाइल लिहायची रीत होती आणि ढीग वाढतच चालला होता. २०११ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी या गोंधळाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, आणि एआरएमची गाडी डिव्हाइसट्रीकडे वळली.

सुरुवातीची अनेक वर्षं बाइंडिंग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत. वाचायला बरं, पण तपासणार कोण? दोन माणसं एकच वाक्य दोन तऱ्हांनी वाचत. २०१९ मधल्या ५.० आवृत्तीपासून जेसन-स्कीमावर आधारलेल्या यामल फाइल कर्नलमध्ये येऊ लागल्या आणि जुन्या टेक्स्ट फाइल हळूहळू बदलल्या जाऊ लागल्या. ते काम अजून चालूच आहे.

साध्या वर्णनाच्या फाइलला एवढा कडक रिव्ह्यू कशासाठी?

कारण ती एबीआय आहे, म्हणजे दोन सॉफ्टवेअरांमधला न मोडायचा करार. डीटीबी कर्नलबरोबरच बदलेल याची खात्री नसते. कित्येक उपकरणांत ती फर्मवेअरमध्ये बसलेली असते आणि कर्नल मात्र वरचेवर बदलत राहतो. पाच वर्षांपूर्वीची डीटीबी घेऊन आजचा कर्नल सुरू व्हायला हवा, ही अपेक्षा आहे. म्हणजे आज तुम्ही मान्य केलेलं प्रॉपर्टीचं नाव, तिचं एकक, यादीतला क्रम, सगळं पुढच्या प्रत्येक कर्नलला समजावं लागणार.

शिवाय वाचणारा एकटा लिनक्स नाही. यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम हेही याच फाइल वापरतात. त्यांचे ड्रायव्हर वेगळे, लिहिणारी माणसं वेगळी. त्यांना तुमच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये आत काय चाललंय ते माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही पडू नये.

रिव्ह्यूला बसताना आधी काय उघडायचं?

चिपची डेटाशीट. ती खुली नसेल तर किमान निर्मात्याने दिलेली पिनची आकृती. त्यात मी चार गोष्टी शोधतो: किती पिन आहेत आणि त्यांची नावं काय, वीजपुरवठ्याच्या किती रेल (वेगळ्या वाटा) आहेत, क्लॉक आणि रीसेटच्या किती लाइन आत येतात, आणि इंटरप्ट किती बाहेर पडतात. हे कागदावर उतरवून घेतलं की मगच पॅच वाचायचा. आधी ड्रायव्हर वाचलात तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनीच बाइंडिंग दिसायला लागतं, आणि त्याने जे वगळलं ते तुमच्याही नजरेतून सुटतं.

'हार्डवेअरचं वर्णन करा, ड्रायव्हरचं नको' याचा नेमका अर्थ काय?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

वीज मोजणारी एक चिप घ्या. ती शंट रोधकावरचा व्होल्टेज मोजून करंट काढते. तो रोधक चिपच्या आत नसतो, बोर्ड बनवणारा तो स्वतः निवडून बसवतो. एका बोर्डावर दोन मिलिओहम, दुसऱ्यावर दहा. ही किंमत चिपला माहीत नाही, ड्रायव्हरलाही ती कुठून वाचता येत नाही. म्हणून ती डिव्हाइसट्रीत असायलाच हवी. प्रॉपर्टी कशी असावी याचा हा चांगला नमुना आहे.

आता त्याच चिपसाठी कुणी 'दर सेकंदाला किती वेळा वाचायचं' अशी प्रॉपर्टी मागितली तर? तो वापरणाऱ्याच्या पसंतीचा प्रश्न झाला. एकाच बोर्डावर एकाला सेकंदाला एक वाचन पुरतं, दुसऱ्याला शंभर हवी असतात. बोर्ड तोच, तारा त्याच. अशा गोष्टीसाठी सिसएफएस, म्हणजे चालू कर्नलची सेटिंग वाचायची-बदलायची सोय, आहे.

तिसरा प्रकार फसवा असतो. 'रीसेट सोडल्यावर पाच मिलिसेकंद थांबा.' हे हार्डवेअरचंच सत्य आहे, नाही का? आहे, पण ते त्या जातीच्या प्रत्येक चिपसाठी सारखंच आहे. कम्पॅटिबल (नोडमध्ये लिहिलेलं चिपचं नाव) वाचला की ड्रायव्हरला ते कळतंच, मग ते प्रत्येक बोर्डाच्या फाइलमध्ये पुन्हा कशाला लिहायचं? कम्पॅटिबलवरून जे ठरतं त्याला वेगळी प्रॉपर्टी नको. बोर्डागणिक जे बदलतं त्याला हवी.

स्वतःला विचारायचा साधा प्रश्न असा: उद्या हा ड्रायव्हर पुसून दुसऱ्याने नवा लिहिला, तरी या प्रॉपर्टीची गरज राहील का?

एखादा पॅच प्रत्यक्ष वाचून दाखवाल का?

हो. खालचा पॅच मी उदाहरणासाठी रचला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक रोजच्या पाहण्यातली आहे. आयटूसीवरचा प्रकाश मोजणारा सेन्सर आहे असं समजा. निर्मात्याचा प्रीफिक्स 'अमुक' धरू. पॅचमधला मजकूर थोडक्यात असा:

— कम्पॅटिबल: 'अमुक,एएल३एक्स'
— रेग (बसवरचा पत्ता): एक
— इंटरप्ट्स: एक, ऐच्छिक
— पॉवर-सप्लाय: ऐच्छिक
— 'अमुक,पोलिंग-मोड': बूलियन, 'इंटरप्टऐवजी पोलिंग वापरा' (पोलिंग म्हणजे ड्रायव्हरने ठरावीक वेळाने स्वतः विचारत राहणं)
— 'अमुक,डिले': पूर्णांक, 'ड्रायव्हरने थांबायचा वेळ'
— उदाहरणात नोडचं नाव 'एएल३१@३९', रेगमध्ये हेक्स २९, आणि शेवटी स्टेटस 'ओके'

वरून सुरू करू. 'एएल३एक्स' हा वाइल्डकार्ड झाला. चिप एएल३१ असेल तर एएल३१ म्हणा.

वीजपुरवठ्याकडे बघा. डेटाशीटमध्ये व्हीडीडी आणि व्हीडीडीआयओ अशा दोन पिन आहेत. मग बाइंडिंगमध्ये 'पॉवर' ही एकच कशी? लेखकाच्या बोर्डावर दोन्ही पिन एकाच रेलला जोडल्या असतील, पण सगळ्यांच्या नसतील. पिनच्या नावाप्रमाणे 'व्हीडीडी-सप्लाय' आणि 'व्हीडीडीआयओ-सप्लाय' अशा दोन हव्यात. आणि त्या ऐच्छिक का? विजेशिवाय चालणारी चिप अजून बनायची आहे. 'बोर्डावर रेग्युलेटर नेहमीच चालू असतो' असं उत्तर येईल, तर तो नेहमी चालू असणारा रेग्युलेटरही डिव्हाइसट्रीत लिहिता येतो. सप्लाय दिली नाही तर लिनक्स डमी रेग्युलेटर देऊन काम भागवतो, म्हणून ड्रायव्हर चालतो. ती लिनक्सची सोय झाली, त्यावरून बाइंडिंगचा नियम ठरवायचा नाही.

पोलिंग-मोड काढून टाका. इंटरप्टची पिन जोडलेली नसेल तर इंटरप्ट्स ही प्रॉपर्टीच नसेल, आणि तेवढ्यावरून ड्रायव्हरला पोलिंगचा निर्णय घेता येतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी त्या दोन ठिकाणांत भांडण होणार: इंटरप्टही दिलाय आणि पोलिंग-मोडही. मग खरं कुणाचं?

डिलेमध्ये दोन दोष. एकक नाही, त्यामुळे दहा म्हणजे मिलिसेकंद की मायक्रोसेकंद ते कळायला ड्रायव्हर उघडावा लागतो. एकक नावातच असायला हवं: '-एमएस', '-यूएस', '-मायक्रोव्होल्ट', '-हर्ट्झ' असे ठरलेले प्रत्यय आहेत आणि ते लावले की प्रकार वेगळा सांगावा लागत नाही. पण इथे दुसरा दोष मोठा आहे: हा चिपचा ठरलेला स्टार्टअप वेळ आहे, त्यामुळे प्रॉपर्टीच नको.

उदाहरणात नोडचं नाव चिपवरून ठेवलंय. ते कामावरून ठेवायचं, म्हणजे 'लाइट-सेन्सर'. '@' नंतरचा पत्ता आणि रेगमधला पत्ता जुळत नाही, आणि उदाहरणातून लोक चोप्य-पस्ते करतात, त्यामुळे ही चूक दहा बोर्डांत पसरते. स्टेटस 'ओके' हा डिफॉल्टच असतो, लिहायची गरज नाही.

सात ओळींत इतकं निघालं. यातलं टूलने किती पकडलं असतं? पत्त्याची विसंगती. बाकी सगळं माणसाने बघायचं.

कम्पॅटिबलमध्ये फॉलबॅक कधी द्यायचा?

नवी चिप जुन्या चिपसारखीच चालत असेल तेव्हा. आधी नव्या चिपचं नेमकं नाव, मग जुन्या चिपचं. फक्त जुनं नाव ओळखणाऱ्या ड्रायव्हरला नवी चिप दिली, तर तिची जुन्याइतकी कामं नीट होतात का? होत असतील तर फॉलबॅक द्या. नव्या चिपमध्ये चार सोयी जास्त असल्या तरी हरकत नाही. पण एखादं रजिस्टर जागेवरून हललं असेल, तर देऊ नका.

उलट बाजूने येणारा प्रश्न असा असतो: 'आयपी ब्लॉक (चिपमधला तयार घटक) शंभर टक्के तोच आहे, मग नवं नाव कशाला? जुनंच वापरू.' याला माझं उत्तर ठाम नाही असं असतं. त्या ब्लॉकमधला दोष कदाचित दोन वर्षांनी सापडेल, आणि तो फक्त याच एसओसीमध्ये (प्रोसेसरसह सगळे घटक असलेल्या चिपमध्ये) असेल. तेव्हा ड्रायव्हरला 'ही चिप ती हीच' असं ओळखायला डीटीबीत काहीतरी लागेल. वेगळं नाव आज फुकट मिळतं. नंतर ते विकल्या गेलेल्या बोर्डांवर कसं पोहोचवणार?

मग सगळ्या कुटुंबाला मिळून एक वाइल्डकार्ड नाव चालत नाही का?

नाही. पुढच्या वर्षी निर्माता त्याच नावाच्या साच्यात बसणारी, पण वेगळीच चिप काढतो. नावं त्यांचा विक्री विभाग ठरवतो, रजिस्टरचा आराखडा बघून ठरवत नाही.

यादीतला क्रम एवढा महत्त्वाचा का? नावं तर दिलेली असतात.

इंटरप्ट-नेम्स, क्लॉक-नेम्स, रेग-नेम्स या प्रॉपर्टी मदतीला आहेत हे खरं, पण क्रम त्यांच्यासकट ठरलेला असतो. कोणताही वाचणारा नावाऐवजी क्रमांकाने उचलू शकतो, आणि बाइंडिंगने त्याला तो हक्क दिलेला आहे.

समजा एका कंट्रोलरच्या बाइंडिंगमध्ये इंटरप्ट 'टीएक्स' (प्रेषण), मग 'आरएक्स' (ग्रहण) या क्रमाने आहेत. कुणीतरी साफसफाईच्या पॅचमध्ये ते वर्णानुक्रमे लावतो: आधी 'आरएक्स', मग 'टीएक्स'. सोबत कर्नलमधल्या सगळ्या डीटीएस फाइलही बदलतो. तपासणी स्वच्छ, एकही इशारा नाही. फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर मात्र पहिल्या क्रमांकाचा इंटरप्ट प्रेषणाचा समजून चालतो. त्याच्याकडे नवी डीटीबी पोहोचली की त्याचं सगळं उलटं होतं. आणि शोधणारा माणूस फ्रीबीएसडीमध्ये महिनाभर चूक शोधत बसतो, जिथे ती नाहीच.

म्हणून जुन्या यादीत भर घालायची तर शेवटी. मध्ये नाही, सुरुवातीला तर नाहीच. 'नीटनेटकेपणासाठी' क्रम बदलणारा पॅच दिसला की मी आधी थांबतो.

फक्त 'मॅक्सआयटम्स: ३' लिहिलं तर एक किंवा दोन चालतात ना?

नाही, आणि इथे भले भले चकतात. डीटी-स्कीमाचं टूल 'मिनआयटम्स' दिसला नाही की तोही तितकाच धरतं. म्हणजे बरोब्बर तीन. कमी चालणार असतील तर 'मिनआयटम्स' स्पष्ट लिहावा लागतो. पण लिहिला म्हणजे तुमचं पुढचं काम सुरू: कोणत्या चिपला एक आणि कोणत्या चिपला तीन? ते 'इफ-देन' घालून चिपनिहाय बांधायला सांगा. 'एक ते तीन, ज्याला जे हवं ते' असा सैल नियम असला की चुकीची डीटीएस बिनबोभाट पास होते. आणि नुसत्या संख्येपेक्षा 'आयटम्स' खाली प्रत्येकाचं वर्णन असलेलं कधीही चांगलं, नाहीतर पहिला क्लॉक बसचा की कोअरचा हे कळणार कसं?

'ॲडिशनलप्रॉपर्टीज' आणि 'अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज' यातलं कोणतं वापरायचं?

दोन्हींचा हेतू एकच: यादीबाहेरची प्रॉपर्टी आली तर हरकत घ्या. फाइल स्वयंपूर्ण असेल तर पहिलं 'फॉल्स'. दुसऱ्या सामायिक स्कीमाचा संदर्भ घेतला असेल, उदाहरणार्थ एसपीआय बसवरच्या उपकरणांच्या किंवा टचस्क्रीनच्या, तर दुसरं 'फॉल्स', कारण संदर्भातून आलेल्या प्रॉपर्टी पहिल्याला दिसत नाहीत. एका चिपच्या बाइंडिंगमध्ये यातलं एकही नसेल किंवा 'ट्रू' असेल, तर नावातली टायपिंगची चूक कधीच पकडली जाणार नाही.

बूलियन प्रॉपर्टीत काय जपायचं?

ती असणं म्हणजे 'हो', नसणं म्हणजे 'नाही'. तिसरं काही नाही. कुणी भाबडेपणाने तिला शून्य किंमत दिली, तरी ती आहे, म्हणजे 'हो'च. स्कीमात प्रकार बूलियन नोंदवलेला असेल तर हे तपासणीत पकडलं जातं, म्हणून तो नोंदवलाच पाहिजे.

दुसरं, मूळ एसओसीच्या फाइलमध्ये बूलियन लावला असेल, तर बोर्डाच्या फाइलमधून तो 'नाही' करायला प्रॉपर्टी पुसण्याचा खास निर्देश वापरावा लागतो. आणि 'नाही' आणि 'सांगितलेलंच नाही, बूटलोडरने ठेवलंय तसं राहू दे' यात फरक करायचा असेल, तर बूलियन अपुराच पडतो. तिथे किमतींची यादी द्यावी.

कोणती टूल चालवायची?

बाइंडिंग बदलला तर 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक'. त्यात स्कीमाची रचना तपासली जाते, यामललिंट चालतं, आणि उदाहरण डीटीसीतून कंपाइल होऊन स्कीमाशी ताडलं जातं. 'डीटी_स्कीमा_फाइल्स' मध्ये आपल्या फाइलचं नाव दिलं की सगळ्या झाडाची वाट बघावी लागत नाही. डीटीएस बदलली तर 'मेक डीटीबीएस_चेक'. टूल पायथॉनमध्ये आहे, 'डीटीस्कीमा' या नावाने पिपमधून बसतं. ते अद्ययावत ठेवा. जुन्या आवृत्तीने गप्प बसलेलं नवीन आवृत्ती बोलून दाखवते.

पाठवणाऱ्याने टूल चालवलेलं नाही हे दिसलं तर मी तिथेच थांबून आधी चालवायला सांगतो. जे यंत्र दोन मिनिटांत सांगतं त्यावर माणसाचा वेळ घालवू नये.

सगळं हिरवं आलं, तरी काय सुटू शकतं?

उदाहरणात किंवा डीटीएसमध्ये नोडवर 'स्टेटस: डिसेबल्ड' असेल, तर अनिवार्य प्रॉपर्टी नसल्याची तक्रार टूल करत नाही, आणि ते योग्यही आहे, कारण एसओसीच्या फाइलमधले अर्धवट नोड बोर्डाची फाइल पूर्ण करते. पण तुमचा नवा नोड फक्त डिसेबल्ड अवस्थेतच तपासला गेला असेल तर तपासणी अर्धीच झाली.

स्कीमा लागू होते कम्पॅटिबल जुळल्यावर. डीटीएसमध्ये ते नाव चुकलं तर तुमच्या स्कीमाचा एकही नियम त्या नोडला लागत नाही. 'कोणत्याही स्कीमाशी जुळला नाही' असा इशारा मिळतो, तो गर्दीत हरवू देऊ नका.

आणि प्रॉपर्टी खरी आहे का, दोन रेलऐवजी एकच लिहिली आहे का, रीसेट लाइन ॲक्टिव्ह-लो (व्होल्टेज खाली गेल्यावर लागू होणारी) आहे का, हे यंत्राला कळायचा मार्गच नाही.

जुनी टेक्स्ट फाइल यामलमध्ये आणणारा पॅच कसा वाचायचा?

तीन गोष्टी शेजारी ठेवून: जुना मजकूर, कर्नलमधल्या डीटीएस आणि ड्रायव्हर. तिघांचं एकमत क्वचितच असतं. जुना मजकूर म्हणतो क्लॉक एक, डीटीएसमध्ये दोन असतात. अशा वेळी प्रत्यक्ष वापरात काय आहे ते मानावं लागतं, आणि रूपांतरात जुन्या मजकुरापेक्षा काय बदललं ते कमिट मेसेजमध्ये कारणासह लिहिलेलं असावं. 'टेक्स्टचं यामल केलं' एवढाच मेसेज असेल आणि आत दोन प्रॉपर्टी वाढलेल्या असतील, तर परत पाठवा. बदल योग्यही असतील, पण पुढे कुणालाही त्यांचं कारण शोधता आलं पाहिजे.

इथे आजचे नियम जुन्यावर लादू नयेत. वीज मोजणाऱ्या त्या कुटुंबाच्या जुन्या बाइंडिंगमध्ये 'शंट-रेझिस्टर' अशी एकक नसलेली प्रॉपर्टी आहे, किंमत मायक्रोओहममध्ये. आज कुणी मागितली तर तिला '-मायक्रो-ओहम्स' लावायला सांगू. पण ती वर्षानुवर्षं बोर्डांवर आहे, म्हणून ती तशीच राहते.

पॅच कसे विभागलेले असावेत?

बाइंडिंग वेगळा, ड्रायव्हर वेगळा, डीटीएस वेगळी, आणि बाइंडिंग सगळ्यात आधी. क्लॉक आयडींसारखे आकडे असलेली हेडर फाइल बाइंडिंगबरोबरच जाते, कारण तीही एबीआय आहे. विषयाच्या ओळीची सुरुवात बहुतेक ठिकाणी 'डीटी-बाइंडिंग्स' ने. नव्या फाइलचा परवाना दुहेरी, जीपीएल २ किंवा बीएसडी २-क्लॉज, म्हणजे इतर प्रकल्पांनाही ती वापरता येते.

मी मेंटेनर (त्या भागाचा कोड सांभाळणारा) नाही. मी रिव्ह्यू करू शकतो का?

जरूर. त्या चिपचा बोर्ड तुमच्या टेबलावर असेल तर मेंटेनरपेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. पण शेरा लिहिताना कारण द्या. 'हे चुकीचं आहे' यापेक्षा 'डेटाशीटमध्ये व्हीडीडीआयओ ही वेगळी पिन आहे, इथे ती दिसत नाही' असं लिहिलं की समोरच्याला काय करायचं ते कळतं. बरेच पॅच पाठवणारे पहिल्यांदाच पाठवत असतात आणि त्यांच्या हातात अर्धवट जुनं उदाहरण असतं. कोणती नवी, नीट लिहिलेली बाइंडिंग नमुना म्हणून बघायची ते सांगा. तुम्ही फक्त काही भाग पाहिला असेल तर तेही स्पष्ट लिहा. 'रिव्ह्यूड-बाय' हा टॅग पूर्ण पॅच वाचून पटल्यावरच द्यायचा.

'ड्रायव्हरला याची गरज नाही' असं म्हणून लेखक प्रॉपर्टी वगळतोय. काय सांगू?

सांगा की आजच्या ड्रायव्हरला नसेल, पण पिन तर चिपवर आहे. बाइंडिंग शक्य तितकं पूर्ण असावं: इंटरप्टची लाइन आहे तर ती लिहा, रीसेट आहे तर ती लिहा, ड्रायव्हर वापरो न वापरो. पुढे कुणी झोपेतून जागं होण्याची सोय ड्रायव्हरमध्ये घालेल, तेव्हा इंटरप्ट नसलेल्या जुन्या डीटीबी त्याच्या आड येतील.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही अशा प्रॉपर्टी निर्मात्याच्या जुन्या कोडमधून 'असू द्यावी' म्हणून उचलून आणू नयेत. पिन आणि तारा पूर्ण लिहा, अंदाज लिहू नका.

चुकीची प्रॉपर्टी एकदा आत गेली तर?

आधी बघा, ती कोणत्या प्रकाशित आवृत्तीत गेली आहे का. अजून आरसी (प्रकाशनाआधीच्या चाचणी आवृत्त्या) चालू असेल तर लगेच दुरुस्तीचा पॅच पाठवा, त्या काही आठवड्यांत ती काढणं सोपं असतं.

आवृत्ती बाहेर पडली असेल तर नवी, योग्य प्रॉपर्टी जोडा, जुनीला स्कीमात 'डेप्रिकेटेड: ट्रू' लावा, आणि नव्या डीटीएसमध्ये फक्त नवी वापरा. ड्रायव्हर मात्र दोन्ही वाचत राहील: आधी नवी शोधेल, ती नसेल तर जुनी. तो जुना फाटा 'आता कोण वापरतं' म्हणून काढणारा पॅच कधीतरी येईल. तेव्हा कर्नलमधल्या डीटीएस शोधून काही सिद्ध होत नाही, कारण बाहेरच्या बोर्डांच्या डीटीबी त्या झाडात नसतात. काढणाऱ्याला विचारा, कोणते बोर्ड ती प्रॉपर्टी घेऊन बाहेर गेले होते आणि त्यांना आजचा कर्नल लावून पाहिला का.